उतरलेलं वजन टिकतं कशानं?

मराठी घरांत लहान मुलाचं वजन वाढलं की ते ‘सुधारलं’ असं म्हणतात. ‘अंग धरलंय हो’, ‘खात्यापित्या घरचा दिसतो’, ही सगळी कौतुकाची वाक्यं. सुट्टीत आजोळी गेलेलं पोर परत येताना जरा भरलेलं दिसलं, की आजीला सुट्टी सत्कारणी लागल्यासारखी वाटते. मग मूल बारा-तेरा वर्षांचं होतं आणि भाषा एकाएकी पालटते. तोच मुलगा वर्गात ‘ढोल्या’ होतो. तीच मुलगी लग्नाच्या पंगतीत ‘जरा कमी खा गं’ हे वाक्य चार मावश्यांकडून ऐकते. ज्या वर्षांत थोडक्यात निभावलं असतं ती कौतुकात गेलेली असतात, आणि जे वय उपचाराला सगळ्यात अवघड, नेमक्या त्या वयात घरच्यांची घाई सुरू होते.

घाईनं वजन उतरतंही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहणं, संध्याकाळी फक्त सूप, गोड बंद, आणि जूनमध्ये चार-पाच किलो कमी. दिवाळीपर्यंत ते परत आलेलं असतं, बरेचदा सोबत आणखी दोन किलो घेऊन. वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून पुनःपुन्हा पुढे आलं आहे. पहिली काही आठवड्यांत जमते. दुसरी कशावर अवलंबून असते, हा खरा प्रश्न.

प्रश्न किती मोठा आहे? ‘द लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातली सुमारे सव्वा कोटी मुलंमुली लठ्ठ होती. १९९० मध्ये हीच संख्या चार लाखांच्या आसपास होती. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या एका विश्लेषणाचा निष्कर्ष असा, की पौगंडावस्थेत लठ्ठ असलेल्या दर दहांतले सुमारे आठ जण मोठेपणीही लठ्ठच राहतात. ‘उंची वाढली की आपोआप उतरेल’ हा घरोघरचा दिलासा या वयात बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरत नाही.

आता मोजायचं कसं, ते पाहू. वाढत्या मुलाच्या बाबतीत वजनकाट्यावरचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलाचं वजन वर्षभर जिथल्या तिथं राहिलं आणि उंची सहा सेंटिमीटरनं वाढली, तर ते यश आहे, मग घरच्यांना ‘एक किलोही उतरलं नाही’ असं का वाटेना. म्हणून डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, काढतात आणि तो वयानुसार बदलणाऱ्या तक्त्यावर मांडतात. भारतात ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनं २०१५ मध्ये जे तक्ते काढले, त्यांच्यामागे पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे. या तक्त्यांवरच्या धोक्याच्या दोन रेघा प्रौढ वयातल्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय रेघा २५ आणि ३० च्या. आपल्या रेघा खाली का, याचंही उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हाच प्रकार नवजात बाळांतही दिसला: वजन कमी, पण चरबीचा वाटा जपलेला. तेव्हा आपल्याकडच्या ‘फार काही जाड नाही’ अशा मुलाच्याही रक्तातली साखर आणि यकृत तपासावं लागतं.

टिकण्याच्या प्रश्नात पहिला मुद्दा वयाचा. स्वीडनमधला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ६४३ मुलांवर तीन वर्षं वर्तनोपचार झाले होते, म्हणजे आहार, हालचाल आणि सवयी यांवर सातत्यानं काम. तीव्र लठ्ठपणा असलेल्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५८ टक्क्यांना तीन वर्षांनंतर ठळक फायदा दिसला. तेवढ्याच तीव्र लठ्ठपणाच्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण होतं २ टक्के. हा आकडा वाचून हात टेकावेसे वाटतात. पण त्याचा सरळ अर्थ एवढाच, की चौदाव्या वर्षी ज्याला तीव्र लठ्ठपणा आहे त्याला नुसत्या सल्ल्यानं सोडून देणं म्हणजे त्याला एकटं टाकणं.

शरीर या वयात इतकं का अडून बसतं? पौगंडावस्थेच्या मध्यावर इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सुमारे एक-तृतीयांशानं घटतो. हे सगळ्याच मुलांत होतं. सडपातळ मुलगा ते निभावून नेतो, लठ्ठ मुलाचं स्वादुपिंड मात्र आधीच ताणलेलं असतं. मुलींत याच काळात पाळीच्या तक्रारी आणि पीसीओडी डोकं वर काढतात, आणि तिथंही इन्शुलिनची गुंतागुंत असतेच. शिवाय उतरलेल्या वजनाची शरीर नोंद ठेवतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये पन्नास प्रौढांचं वजन दहा आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलोनं उतरवलं आणि नंतर वर्षभर त्यांची भुकेची संप्रेरकं मोजली. भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षानंतरही चढलेलं होतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन उतरलेलं होतं, आणि माणसं सांगत होती की भूक पहिल्यापेक्षा जास्त लागते. अभ्यास प्रौढांचा असला तरी ही यंत्रणा किशोरांतही तीच. ‘याला तोंडावर ताबा नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ही संप्रेरकं लक्षात घ्यायला हवीत.

काही थोड्या मुलांच्या बाबतीत तर सगळा कारभार जनुकांच्या हाती असतो. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दोन चुलत भावंडं सापडली, त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. त्यांतल्या मुलीचं वजन नवव्या वर्षी ९४ किलो होतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची अन्नामागची धडपड शमली आणि वर्षभरात तिचं वजन १६ किलोंहून अधिक उतरलं. अशी उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. पण पाच वर्षांच्या आतच वजन झपाट्यानं वाढलेलं आणि भूक कशानंच न भागणारं मूल असेल तर जनुकीय तपासणीचा विचार व्हायला हवा. मुलाच्या फाईलमधली इतर औषधंही पाहायला हवीत. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात. औषध स्वतःहून थांबवायचं नसतं, पण पर्याय आहे का हे विचारायला हरकत नसते.

घर हा या सगळ्यातला सर्वांत अभ्यासलेला घटक, आणि त्याच्यासाठी थोडं थांबायलाच हवं.

अमेरिकेत पिट्सबर्ग इथं लेनर्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांच्या कुटुंबांचे तीन गट केले. तिन्ही गटांना आहाराची तीच माहिती मिळाली, व्यायामाचं तेच शिक्षण. पदार्थांची वाटणी सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे होती: हिरवे मनमोकळे खायचे, पिवळे बेतानं, लाल क्वचित. आठ साप्ताहिक बैठका झाल्या आणि नंतर अधूनमधून भेटी. फरक एकाच गोष्टीत होता. पहिल्या गटात मूल आणि पालक दोघांच्याही सवयी बदलण्याला, वजन उतरण्याला शाबासकी होती. दुसऱ्यात फक्त मुलाला. तिसऱ्यात नुसतं हजर राहण्याला. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या गटातली मुलं सुरुवातीपेक्षा ७.५ टक्के अंकांनी कमी जाड होती. फक्त मुलावर भर दिलेला गट ४.५ नं वर गेला होता, आणि तिसरा गट १४.३ नं वर. माहिती सगळ्यांकडे होती. दहा वर्षांनी फरक पाडला तो घरातलं दुसरं माणूस मुलाबरोबर बदललं की नाही, यानं.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट हुरहूर लावणारी आहे. पालकांचं स्वतःचं उतरलेलं वजन त्या दहा वर्षांत टिकलं नाही. मुलांचं टिकलं. म्हणजे पालकानं आदर्श किंवा सडपातळ असणं ही अट नव्हती. मूल वाढत होतं त्या वर्षांत पालक सोबत चालले, एवढ्यानं पुष्कळ झालं.

हे आपल्या घरात आणून पाहिलं तर चित्र ओळखीचं निघतं. रात्रीचे नऊ वाजलेत. टीव्हीसमोर बाबांच्या मांडीवर फरसाणाची वाटी आहे, धाकट्या बहिणीच्या हातात क्रीमची बिस्किटं, आणि ‘ज्याचं डाएट चालू आहे’ त्या दादापुढे काकडीचे काप. फडताळात वरच्या फळीवर चिवड्याचा डबा, तो दादाच्या हाताला लागू नये म्हणून. दादा आता आईपेक्षा उंच आहे. एकाच घरात दोन कायदे चालत असतील तर मूल ते फार दिवस पाळत नाही, आणि पाळूही नये. डबा सगळ्यांसाठीच महिनाभर भरला नाही, कोल्ड्रिंकची बाटली घरात आलीच नाही, जेवताना टीव्ही सगळ्यांचाच बंद राहिला, तर कोणाला एकट्याला काही सोडल्यासारखं वाटत नाही. भाकरी, आमटी, पालेभाजी, उसळ, ताक ही थाळी सगळ्या घराची असू शकते. तिला ‘डाएट’ म्हणायची गरज नाही.

किशोरवयात मात्र या सूत्राला एक मुरड घालावी लागते. सात वर्षांच्या मुलाचं ताट आई वाढते. पंधरा वर्षांचा मुलगा खिशातल्या पैशांनी क्लासबाहेर वडापाव खातो आणि ते सांगत नाही. त्याच्यावर पहारा ठेवला तर तो लपून खातो. पालकांनी घरात काय येतं ते ठरवावं आणि मुलानं किती खायचं ते त्याच्यावर सोडावं, डॉक्टरांशी काही वेळ त्याला एकट्याला बोलू द्यावं, असा समतोल अनुभवी डॉक्टर सुचवतात. तो साधणं कठीण असतं, पण त्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

चिडवण्याचा परिणाम तर उलटाच होतो, याचा पुरावा भक्कम आहे. मिनेसोटातल्या ‘प्रोजेक्ट ईट’ या अभ्यासात १९९८-९९ मध्ये ४,७४६ शाळकरी मुलामुलींना प्रश्नावली दिली गेली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला गेला. वजनावरून ज्यांना चिडवलं जात होतं, त्यांचा बीएमआय पंधरा वर्षांनंतरही इतरांपेक्षा जास्त होता. मनानंच डाएट करणारी, जेवणं चुकवणारी मुलं पाच वर्षांनी अधिक लठ्ठ होती, आणि बकाबका खाण्याचे झटकेही त्यांच्यात अधिक होते. तेव्हा घरात ‘लाज वाटू दे म्हणजे सुधारेल’ असं वाटणाऱ्यांनी थांबावं. लाजेनं मूल खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसतं, पोहायला जायचं टाळतं, फोटोतून निसटतं, आणि एकटं असताना खातं.

यावर पालकांची एक रास्त शंका असते: मग उपचारातलं डाएटही मुलाला खाण्याच्या विकाराकडे ढकलेल का? तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालेल्या उपचारांच्या २०१९ मधल्या आढाव्यात अशी लक्षणं सर्वसाधारणपणे वाढण्याऐवजी घटलेली आढळली. सिडनी आणि मेलबर्नमध्ये १४१ किशोरांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. आधी चार आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार, मग एका गटाला आठवड्यातले काही दिवसच कडक पथ्य, दुसऱ्याला रोजचं मध्यम पथ्य. वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच सुधारलेले. पद्धतींवर वाद घालण्यात लोक जो वेळ घालवतात, तो या निकालापुढे बराचसा वाया गेलेला वाटतो. मुलाला जी जमेल, रुचेल, ती पद्धत. तिच्याबरोबर माणूस हवं.

ते माणूस किती तास हवं, याचाही हिशोब झाला आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाच्या शिफारशीत किमान २६ तासांची प्रत्यक्ष भेट, वर्षभराच्या आत विभागून, सांगितली आहे. वर्षावर पसरलं तर आठवड्याला अर्धा तास. आपल्याकडे दीड महिन्यानं एकदा दहा मिनिटं मिळाली तर वर्षाचे दीड तासही भरत नाहीत. एवढ्या तुटपुंज्या भेटीनंतर ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा लिहिणं अन्यायाचं आहे. १२ ते १७ वयोगटावरच्या ४४ चाचण्या एकत्र केलेल्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात जीवनशैलीच्या उपचारांनी बीएमआय सरासरी १.१८ नं अधिक उतरलेला दिसतो. हा लाभ माफक आहे. मुलं मधेच येणं सोडतात हीही मोठी अडचण. नैराश्य असलेलं, परीक्षांच्या ओझ्याखालचं, किंवा दोन बसगाड्या बदलून यावं लागणारं मूल आधी गळतं. त्यामुळे वजनाबरोबर मनाची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

झोपेबद्दल घरात फार कमी बोललं जातं. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच तासा-दोन तासांनी पुढे सरकतं. रात्री अकराला झोप न येणं हा सगळा मोबाइलचा दोष नसतो. शिकागोत ८० प्रौढांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कमी झोपणाऱ्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढवली तेव्हा त्यांचं खाणं कोणी न सांगता दिवसाला सुमारे २७० उष्मांकांनी घटलं. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. आठवी-नववीची मुलं मात्र सकाळी सातला डोळे चोळत वर्गात, दुपारी क्लासला, रात्री गृहपाठाला. दहावीचं वर्ष सुरू झालं की पहिला बळी खेळाचा जातो. ‘यंदा मैदान बंद’ हे वाक्य उच्चारताना घरातल्या कोणालाही आपण मुलाच्या वजनाबद्दलचा निर्णय घेतोय असं वाटत नाही. पण तो तोच निर्णय असतो.

आणि घराबाहेर? अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हींत साखर, मेद, चोथा देऊ केलेला सारखाच. हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रियायुक्त अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरांच्या आत जास्त मेद, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री रोखली आहे, आणि सीबीएसईनं मे २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. फलक चांगलेच. पण एक्कावन्नाव्या मीटरवर पाच रुपयांचं पाकीट लटकलेलं असतं आणि मुलाच्या हातातला फोन तर मीटर जुमानतच नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं ते औषधांनी. सेमाग्लुटाइडच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाची २०१ किशोरांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत बीएमआय १६.१ टक्क्यांनी उतरला, नुसत्या सल्ल्यावर असलेल्यांचा ०.६ टक्क्यांनी चढला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये ‘थांबून पाहू’ हे धोरण सोडलं, बारा वर्षांपासून औषधांचा आणि तीव्र लठ्ठपणात तेरा वर्षांपासून शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगितलं. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतीय बाजारातही आलं. ही औषधं मेंदूतल्या आणि पोटातल्या त्याच भुकेच्या यंत्रणेवर काम करतात, म्हणून त्यांना ‘शॉर्टकट’ म्हणणं चुकीचं आहे. मात्र लिराग्लुटाइड या अशाच औषधाच्या २०२० मधल्या चाचणीत ५६ आठवड्यांनी औषध थांबवलं आणि पुढच्या २६ आठवड्यांत बीएमआय परत चढला. औषध सुरू करताना ते किती वर्षं घ्यायचं, पैसे कोण भरणार आणि थांबवायचं झालं तर कसं, हे कागदावर मांडूनच सुरुवात करावी.

शस्त्रक्रियेचे निकाल औषधांपेक्षा लांबवर मोजलेले आहेत. ‘टीन-लॅब्ज’ या अमेरिकी अभ्यासात सरासरी सतराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या २६० जणांचा दहा वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये आला: बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी खाली, आणि आधी टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ५५ टक्के जण त्यातून मुक्त. लवकर उपचाराचा लाभही दिसला. पाच वर्षांच्या हिशोबात किशोरवयात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा मधुमेह हटला होता, प्रौढपणी झालेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा. पण किशोरांत लोहाची कमतरता अधिक होती आणि पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रियाही अधिक झाल्या. रोजच्या गोळ्या विसरणं या वयात सहज घडतं, आणि त्या तर आयुष्यभर घ्यायच्या असतात.

त्या दहा वर्षांत अभ्यासातल्या मुलांना शोधून, बोलावून, पुन्हा काट्यावर उभं केलं गेलं. आपल्याकडे माग सुटतो तो नेमका बारावीनंतर. मुलगा इंजिनिअरिंगला दुसऱ्या गावी जातो. लहानपणापासूनच्या बालरोगतज्ज्ञांकडे जायचं वय संपलेलं असतं, आणि मेसमध्ये रात्री साडेदहाला मॅगी मिळते. निघण्याआधी त्या गावातल्या एका डॉक्टरांची भेट ठरवून ठेवणं, फाईलची प्रत बॅगेत टाकणं, पहिल्या सत्रातला आठवड्याचा एक फोन वजनाबद्दल न विचारता ‘झोप होते का, मैदान आहे का, जेवायला सोबत कोण असतं’ एवढ्याच प्रश्नांचा ठेवणं, हे त्या जून-जुलैच्या धावपळीत करायचं काम आहे.